कोयनेल संपलं आणि मी कोल्हापूरला निघाले

यमुने, धाकटी बहीण माझी, दिवा जरा जवळ ओढ आणि हे पत्र नीट वाच. ताप उतरला की कोयनेल (हिवतापाचं कडू औषध) चुलीत टाकतेस, ती खोड आधी सोड. मी तर शेवटच्या पुडीपर्यंत घेतलं, तरी माझी काय गत झाली बघ.

ताप गेला. डोक्यावरून न्हाले, आळीत गूळ वाटला आणि कुरुंदवाडहून निघाले. कोल्हापुरात माझ्या गोदीला मुलगा झाला होता. पहिला नातू! जुन्या लुगड्याचं दुपटं शिवून बोचक्यात घेतलं. घरात एकटी, तशी वाटेतही एकटीच.

नावेतून पंचगंगा ओलांडली, बैलगाडीनं स्टेशन गाठलं. आगगाडीच्या खिडकीबाहेर ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर. दशमीची पुरचुंडी सोडली, तर घास कडू लागला. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

कोल्हापुरात महाराजांची स्वारी जायची म्हणून टांगा थांबवला. टांगेवाला वळून बघतो तर काय!

"आवं मावशी, घोडं थांबलंय, आन तुमी अजून हालतायसा व्हय?"

मला हसू आलं, पण दात वाजत होते. त्यानं घोड्याची झूल माझ्या अंगावर टाकली.

"हिवताप हाय ह्यो. कोयनेल घेतलं न्हाय?"

"घेतलं की रे, सगळं घेतलं."

"मग दडून बसला आसंल. माझ्या बायकूला बी परत आल्ता."

दारात विहीणबाईंनी माझा हात धरला आणि चटका बसल्यासारखा सोडला. "राग मानू नका, विहीणबाई. बाळंतिणीच्या खोलीत तापाचं माणूस आमी सोडत न्हाय."

खरंच आहे. मीही सोडलं नसतं. सोप्यात (पुढच्या पडवीत) घोंगडं घातलं, ऊनऊन पेज दिली. मायेनं केलं हो सगळं. भिंतीपलीकडं बाळ रडत होतं.

"आई, काळं हाय गं तुझ्यागत!" गोदी आतून ओरडली.

"काळं तर काळं, दारातनं दाखीव की!"

दाराचा पडदा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी अंग निवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा हुडहुडी. जावयानं मला परत गाडीत बसवून दिलं, तेव्हा माझं दुपटं कडुलिंबाच्या पाण्यात उकळून दोरीवर वाळत होतं.

आता घरी आहे. पुन्हा कोयनेल, पुन्हा दिवसाआड ताप. शेजारणी विचारतात, कोल्हापुरात काय पाहिलंस? सोप्याची भिंत, म्हणते.

यमुने, तू लवकर ये गं. तापाचा दिवस कुठला, बिनतापाचा कुठला, ते बघत बसू नकोस. आणि आलीस की दारात थांबू नकोस, सरळ आत ये.