सूर मी धरते

देवीशी भांडणारी बाई मी एकटीच असेन, असं मला वाटायचं. गोरेगावात आमचं सनईचं घर. हे सनई वाजवतात आणि धाकटे भाऊजी शेजारी बसून सूर धरायचे, म्हणजे दुसऱ्या सनईवर एकच स्वर न तुटता चालू ठेवायचे. सुराशिवाय सनईला बसायचं नाही, ही आमची रीत. भाऊजी पुण्याला कंपनीत लागले आणि नेमकं तेव्हाच कनेरगाव नाक्याच्या मंगल कार्यालयातून बोलावणं आलं. वाजवून दाखवा, पसंत पडलं तर बारमाही पगारावर ठेवतो, असा शेठचा निरोप होता. घास अगदी तोंडाशी आला होता, आणि हे म्हणतात, "न्हाई म्हनून सांगून येतो. मंग पुन्याला वॉचमन होतो."

मीही सोबत निघाले आणि न जाणो, म्हणून दोन्ही सनयांची पिशवी यांच्या खांद्याला लावली. नाक्याच्या अलीकडे देवीचं ठाणं आहे. हे बाहेर थांबले आणि मी आत जी सुरू झाले! "काहून गं आई? नवरात्रात तुह्या दारात फुकट वाजवलं, अन् आमची येळ आली तं तोंड फिरवतीस?" रडत होते, बोलत होते, थांबतच नव्हते. दारात नारळ विकणारी म्हातारी हसायला लागली. "बाई, तुला दम लागतो का न्हाई गं? मघापासून एका श्वासात भांडून राहिली!"

मी जागीच थबकले. माझे वडीलही सनईवाले. पपईच्या पानाचा देठ तांब्यातल्या पाण्यात बुडवून, बुडबुडे तुटू न देता फुंकायला ते भावाला शिकवायचे. नाकानं श्वास घ्यायचा आणि गालातल्या हवेनं फुंकत राहायचं. बाजूला बसून मीही शिकले आणि भावापेक्षा माझेच बुडबुडे जास्त टिकायचे. पण बायकांनी सनईला तोंड लावायचं नाही, म्हणून ती विद्या तांब्यातच राहिली.

बाहेर येऊन यांना म्हटलं, "सूर मी धरते."

"येडी झाली का? लोकं काय म्हनतील?"

"लोकं पगार देनार हायेत का?"

यांनी कपाळाला हात लावला, पण सुराची सनई माझ्या हातात दिली.

शेठसमोर माझा सूर आधी तुटलाच. मनात म्हटलं, आई, माझं संपलं, आता तूच फुंक. आणि सूर असा लागला की हलेचना. त्यावर यांची सनई चढत गेली. स्वयंपाकघरातल्या बाया पिठाच्या हातांनी दारात आल्या. शेठ म्हणाले, "उद्यापासून दोघंबी या. पगारबी दोघांना." मी तिथेच सगळ्यांदेखत हमसून हमसून रडले. आज आमच्या दोघांचा पगार भाऊजींच्या कंपनीपेक्षा जास्त आहे, हे सांगताना माझी छाती फुगते.

पहिल्या पगारातून म्हातारीला लुगडं घेऊन गेले, तर तिला मी आठवेचना. "इथं रोजच कोनी ना कोनी भांडत असतं, लेकी," ती म्हणाली. त्या दिवशीचे ते बोल तिचे होते की देवीआईचे, हे मी विचारत बसत नाही.

सूर धरला की तोंड अडकतं. मागता येत नाही, तक्रार करता येत नाही. इतकी वर्षं मीच बोलत होते. आता मांडवात माझा सूर लागला की आई बोलते आणि मी ऐकते.