काचेवरचं कुंकू

बाबांनी आयुष्यभर भांड्यांवर नावं आणि नक्षी कोरली. लग्नाचे तांबे, बारशाच्या वाट्या, देवघरातल्या समया. त्या छिन्नीच्या जिवावर मी इंजिनिअर होऊन जर्मनीत आलो. पण ऑफिसात कुणी वडिलांचं विचारलं, की मी दीडशहाणा ‘मेटलच्या बिझनेसमध्ये’ असं मोघम उत्तर द्यायचो.

ते इकडे एकदाच आले, दसऱ्याच्या सुमारास. खंडेनवमीची पूजा चुकायला नको म्हणून छिन्नी सामानात बांधून आणली होती. सकाळी गेर्लिंगेनच्या घरात ओट्यावरच तिची पूजा झाली. दुपारी मी त्यांना श्टुटगार्टला एका म्युझियममध्ये नेलं.

तिथे तीन हजार वर्षांपूर्वीची चिनी शस्त्रं मांडली होती, ब्रॉन्झची. कुऱ्हाडीसारखं आडवं पातं असलेल्या एका शस्त्रापाशी बाबा खिळून उभे राहिले. दांड्याकडच्या भागावर बटबटीत डोळ्यांचा एक चेहरा होता. त्यात निळसर खडे बसवलेले, काही गळून गेलेले.

"ही नक्षी कोरलेली नाही रे," बाबा म्हणाले. "साच्यातच केली आणि मग ओतली. काय हात असेल बघ त्या माणसाचा!"

मी हो-हो करत फोन बघत होतो. मान वर केली तेव्हा बाबांनी खिशातली कुंकवाची पुडी सोडली होती. काचेवर कुंकवाचं बोट टेकवून ते आता हात जोडून उभे होते. पहाऱ्यावरची बाई लगबगीनं आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एन्टशुल्डिगुंग, माफ करा," मी घाईघाईनं जर्मनमध्ये म्हणालो, "वय झालंय त्यांचं. त्यांना काही कळत नाही."

बाईनं समजुतीनं मान हलवली. मी रुमालानं काच पुसली.

"काय सांगितलंस तिला?" बाबांनी विचारलं.

"सांगितलं, तुम्ही कारागीर आहात म्हणून."

बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी त्या बाईलाही नमस्कार केला.

दोन वर्षांनी बाबा गेले. मी पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. शेजारचे काका भेटायला आले आणि माझा हात धरून बसले.

"तुझी एकच गोष्ट सांगायचे बघ," ते म्हणाले. "पोरानं परदेशात, भर म्युझियममध्ये सांगितलं, माझे वडील कारागीर आहेत. शंभरदा ऐकली असेल आम्ही."

खरं काय ते काकांना सांगायला माझी जीभ उचलली नाही.

छिन्नी आता माझ्याकडे असते. खंडेनवमीला बाहेर काढतो, पुसतो, कुंकू लावतो. हात मात्र जोडवत नाहीत.