सात नंबरची वाट

माझी मामी तेहतीस वर्षं नकाशा कार्यालयात ट्रेसर होती. ट्रेसरचं काम असं, की मोजणी करून आलेल्या कच्च्या नकाशावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालची एकेक रेघ शाईने वर उतरवायची. नद्या, रस्ते, विहिरी, आणि डोंगराची एकेक उंची दाखवणारी ती एकात एक शिरलेली वेटोळी. रेघ चुकली तर ब्लेडने इतकी हलकेच खरवडायची की कागदालाही कळू नये. शेकडो डोंगर तिच्या हाताखालून गेले. प्रत्यक्षात चढली ती कार्यालयाचे दोन जिने. "उंटावरून शेळ्या हाकल्या मी जन्मभर," असं ती स्वतःच सांगायची.

मामा गेल्यावर घरात दोघीच उरल्या, मामी आणि तिची नणंद, म्हणजे माझी थोरली मावशी. मावशीने लग्न केलं नव्हतं. तयार कपड्यांच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं तिने उभ्याने इस्त्री केली आणि त्यात गुडघे गेले. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीसमोर सायकल दुरुस्तीचं दुकान, आणि दिवसभर कानावर पंपाचा फुसफुसाट. मामी निवृत्त झाली तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज चाला म्हणून सांगितलं. गल्लीतल्या गल्लीत तरी किती फेऱ्या मारणार? एका रविवारी ती मावशीला घेऊन एक्केचाळीस नंबरच्या बसमध्ये बसली आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथे प्रादेशिक उद्यानाचं फाटक होतं.

फाटकाशी वाटांचा मोठा फलक होता. मामीने सवयीने चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक लावून फलक वाचला. एकेका वाटेचा नंबर, रंग, लांबी. एक ते सहा. मग आठ. मग नऊ.

"वन्सं, सात कुठे आहे?"

"मला काय विचारतेस? मी काय खिशात घातली?"

मावशीला चढ जमत नव्हता. ती फाटकाजवळच्या बाकावर बसली आणि मामी एक नंबरने वर गेली. पण डोक्याला भुंगा लागला तो लागलाच. परतताना तिने तिकीटखिडकीतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, रंगाऱ्याची चूक असेल. वनरक्षकाला विचारलं, तर तो म्हणाला, मी आलो तेव्हापासून सात नाहीच. मामीला दोन्ही उत्तरं पटली नाहीत. रंगाऱ्याची चूक असती तर एखादा आकडा दोनदा आला असता किंवा उलटा निघाला असता. अख्खी वाट गळते, याला काहीतरी कारण हवं.

मग दर रविवारी दोघी जाऊ लागल्या. मामीने पुढच्या दोन महिन्यांत आठही वाटा पालथ्या घातल्या. वाटेवरच्या दगडांवर नंबर आणि बाण रंगवलेले होते. ती प्रत्येक दगडापाशी थांबायची, मागे जाऊन बघायची, शेवाळ रुमालाने पुसायची. धडधाकट तरुण मंडळी तिला ओलांडून पुढे जायची आणि वळून बघायची, की ही बाई दगड का पुसते आहे.

इकडे मावशी बाकावर स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. उतरून येणाऱ्या प्रत्येकाला ती थांबवायची. काय दिसलं, पाणी होतं का, वर वारा कसा होता. दोन महिन्यांत तिला न चढता सगळ्या वाटा पाठ झाल्या. पाच नंबरवर घसरगुंडी आहे, नऊवरून तलाव दिसतो, चारला काही अर्थ नाही, हे ती नव्या माणसांना अधिकाराने सांगायची.

नवव्या रविवारी मामी पुन्हा सहा नंबरने गेली. ती वाट एका ठिकाणी खाली ओढ्यापाशी उतरते. तिथल्या वळणावर, गवताआड, एक आडवा झालेला दगड तिला सापडला. गवत बाजूला केलं तर त्यावर पिवळा बाण होता आणि बाणाशेजारी पुसट सात. बाण काट्याच्या दाट जाळीत शिरत होता. मामीने छत्रीने फांद्या सारून पाहिल्या, पदर अडकवून घेतला, कोपर सोलवटून घेतलं आणि शेवटी मुकाट्याने परत फिरली. या सगळ्यात तीनची बस गेली आणि चारचीही गेली.

फाटकाशी पोचली तेव्हा मावशी एकटीच बसली होती. मामी धापा टाकत सांगायला लागली, दगड सापडला, बाण सापडला. मावशीने पूर्ण ऐकून घेतलं.

"सापडेल गं तुला तुझी वाट," ती म्हणाली. "माझ्यासाठी मात्र इथे एकच नंबर आहे, आणि तो म्हणजे हा बाक."

ती चिडून बोलली असती तर मामीने दोन शब्द परत दिले असते. पण मावशी शांतपणे बोलली आणि पिशवी उचलून थांब्याकडे चालू लागली. मामीने पुढे मला सांगितलं, की नऊ रविवार आपण कुणाला बरोबर नेतोय असं मला वाटत होतं, आणि खरं तर मी वन्संना दारात बसवून आत जात होते.

सोमवारी ती तिच्या जुन्या कार्यालयात गेली. आता तिथे ड्रॉइंग बोर्ड राहिले नव्हते, संगणक होते. नवे साहेब तिला ओळखत नव्हते, पण अभिलेखखोलीचा रखवालदार ओळखत होता. त्याने लोखंडी कपाटातून उद्यानाचा जुना नकाशा काढला आणि चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवून टेबलावर पसरला. मामीने आधी कोपऱ्यात ट्रेसरचं नाव पाहिलं. तिचं नव्हतं, कुणा दुसऱ्याच बाईचं होतं. तिला जरा वाईटच वाटलं.

मग तिने सहा नंबरची वाट बोटाने धरली आणि ओढ्याच्या वळणावर आली. तिथून एक तुटक रेघ निघत होती. जेमतेम बोटाच्या पेराएवढी, आणि लगेच नकाशाची खालची कड आली.

"याच्या खालची शीट आहे का?" तिने विचारलं.

रखवालदाराला ती शोधायला अर्धा तास लागला. दोन्ही कागद कडेला कड लावून जोडले आणि रेघ पुढे धावू लागली. एका कालव्याच्या काठाकाठाने ती थेट मोठ्या रस्त्यापर्यंत गेली होती, आणि रस्त्यावर जिथे मिळाली तिथे लिहिलं होतं, पंपघर. एक्केचाळीस नंबरची बस पंपघरावरून जाते. फाटकाच्या आधीचा तिसरा थांबा. तो विनंती थांबा असल्याने कुणी घंटी वाजवल्याशिवाय बस तिथे थांबत नसे, आणि मामीने तिथे कुणाला घंटी वाजवताना पाहिलं नव्हतं.

फलक करणाऱ्याने एकच कागद समोर ठेवला असणार, आणि कडेचं ते शेपूट निरुपयोगी समजून सोडून दिलं असणार. कोणी केलं, कधी केलं, हे काही कळलं नाही. पण मामीचं लक्ष तोवर दुसरीकडे गेलं होतं. ती डोळे बारीक करून त्या तुटक रेघेकडे बघत होती. बाकीच्या आठ वाटा उंचीची वेटोळी कापत वर चढत होत्या. सात नंबर एकही वेटोळं कापत नव्हती. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती एकाच वेटोळ्याला चिकटून चालली होती. तेहतीस वर्षं त्या रेघा ओढलेल्या बाईला याचा अर्थ कुणी सांगायला नको होता. ही वाट चढतच नव्हती.

घरी तिने चकार शब्द काढला नाही. रविवारी मावशी कुरकुरतच निघाली. पंपघर आलं तशी मामीने घंटी वाजवली.

"इथे काही नाही हो काकू," कंडक्टर मामीला म्हणाला. "फाटक अजून तीन थांबे पुढे आहे."

"आम्हाला इथेच उतरायचंय."

मावशीने विचारलं, बस बिघडली का. मामी नुसती म्हणाली, "चला तर खरं."

पंपघराच्या मागे कालवा होता आणि काठावर पाटासारखी सपाट, साफ वाट. मावशी दहा पावलं चालली, थांबली, पुढे चढ कुठे आहे ते शोधू लागली. पुन्हा दहा पावलं चालली. मग तिने थांबणं सोडून दिलं. समोरून लांब दांड्याचं दाताळं खांद्यावर टाकून पंपचालक येत होता. पुढे कालवा बोगद्यात शिरतो, तिथल्या लोखंडी जाळीत अडकलेला पाला काढायला तो दिवसातून दोनदा जायचा, एकोणीस वर्षं. वाट साफ राहिली होती ती त्याच्या पायांनी. या वाटेला सात नंबर आहे हे ऐकून तो हसला. "मी तर हिला कामाची वाट म्हणतो," तो म्हणाला. जाळीच्या पुढे मात्र काटेच आहेत, तिथून मागे फिरा, असं त्याने बजावलं.

मावशी बोगद्यापर्यंत चालली. पाऊण तास लागला, मध्ये दोनदा बसावं लागलं. बोगद्याच्या तोंडाशी आतून गार हवा येत होती. मावशीने जाळीला हात टेकले आणि आत वाकून पाहिलं. तिने एक हाळी दिली. ती आत कुठेतरी आपटून, भारदस्त होऊन परत आली. तिने आणखी चार वेळा दिली. बासष्टाव्या वर्षी माणूस असं करतं का, असं मामीने विचारलं नाही. तीही शेजारी वाकली होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मावशी म्हणाली. "नऊ रविवार आपण या वाटेच्या तोंडावरून बसने गेलो, वहिनी."

पुढचं काम सोपं नव्हतं. मामीने दोन्ही नकाशांवरून नवा नकाशा ट्रेस केला आणि अर्जासोबत उद्यानाच्या कार्यालयात दिला. तीन महिने उत्तर नाही. तिने दुसरा ट्रेस करून दिला, आणि या वेळी मावशीला सोबत नेलं. मावशीने अधिकाऱ्यांना फार काही सांगितलं नाही. फाटकाच्या बाकावर दर रविवारी किती म्हातारी माणसं, किती लेकुरवाळ्या आणि किती काठीवाले नुसते बसून असतात, एवढं तिने एकेक रविवार धरून सांगितलं. तिला ते तोंडपाठ होतं. सबबी सापडेनात तेव्हा साहेबांनी वनरक्षकाला बोलावलं. महिन्याभरात जाळीपुढचे काटे तोडले गेले आणि फलकावर पिवळ्या रंगात सातवी वाट आली. खाली एक ओळ मामीने हट्टाने घालायला लावली: चढ नाही, पंपघर थांब्यावर उतरावे.

गेल्या महिन्यात मी दोघींबरोबर गेले होते. पंपघराला घंटी दुसऱ्याच कुणीतरी वाजवली. आमच्याखेरीज सहा जण उतरले. त्यात एक काठीवाले आजोबा होते आणि एक बाई बाळाची गाडी ढकलत होती. मावशी सगळ्यांच्या पुढे, वाट दाखवत. मामी मात्र मागेच राहिली. पंपचालकाला गाठून ती विचारत होती, की बोगद्यात शिरलेलं पाणी पलीकडे नेमकं निघतं कुठे. तो म्हणाला, त्याची हद्द जाळीपर्यंत, पुढचं त्याने कधी पाहिलं नाही. मामीने पर्समधून पेन्सिल काढली.