शेवटचा सायकलवाला

होळी गावचा बळीराम जन्मभर सायकलवरून भाजी विकत फिरला. आता गुडघे थकलेले, म्हणून फ्रान्सची तीन आठवड्यांची सायकल शर्यत टीव्हीवर बघायचा आणि सगळ्यात मागे राहिलेल्यालाच टाळ्या वाजवायचा. ही मूळची त्याच्या बायकोची, हंसाची सवय. "पहिल्याला हार घालायला हजार," ती म्हणायची, "या शेवटच्याची पन कोनी वाट बघत असेल ना?"

गेल्या वर्षी इस्पितळात जायला निघताना घाईत ती "येते" म्हणायचं विसरली. "जाते" म्हणाली आणि परतलीच नाही.

आज शर्यत संपणार. उद्यापासून घरात माणसांचा आवाज नाही. शेवटच्या सायकलवाल्याने रेषा ओलांडून हात हलवला, तसा बळीराम टीव्हीजवळ गेला.

"जातो म्हनू नको, पोरा," तो म्हणाला. "येतो म्हन."