उस्तादांचं पत्र्याचं डिझेल

आमचे उस्ताद अंगात नुसती बंडी असली तरी डोक्यावर ड्रायव्हरची टोपी चढवल्याशिवाय आपल्या पत्र्याच्या इंजिनाला हात लावत नसत. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं घर होतं. घराच्या मागच्या खोलीत भिंतींना लागून खोक्यांच्या फळ्यांचा ओटा केलेला, आणि त्यावर बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंतची सगळी लाइन मांडलेली. मधोमध स्टुलावर हे चाळिशी ओलांडलेले गृहस्थ, टोपी घालून बसलेले. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. ते चिडले नाहीत. म्हणाले, "हास, लेका. पन टोपी नसन तं हे लेकराचं खेळनं होते. टोपी हाय तं रेल्वे हाय."

मी त्यांच्या इंजिनावर फायरमन होतो. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरला 'उस्ताद' म्हणायची रीत होती, आणि मी त्यांना मनापासून उस्ताद म्हणत असे. मी मॅट्रिक झालेला, म्हणून ते मला नावानं न बोलावता 'मॅट्रिक' म्हणत. आमच्या घरी नुकताच धम्म आला होता. इंजिनांच्या शेडमध्ये दोन-चार जण माझ्या सुरईतलं पाणी टाळायचे, तोंडानं काही न बोलता. उस्तादांनी पहिल्याच दिवशी माझा डबा स्वतः उघडला, भाकर मोडली आणि ठेचा तिखट नाही म्हणून कुरकुर केली. पुढे ते माझ्याशी जे वागले ते वागले, पण ती कुरकुर मी विसरलेलो नाही.

लाइन मांडायला त्यांनी घर कसं उपसलं होतं ते बघण्यासारखं होतं. रूळ छत्रीच्या काड्यांचे, स्लीपर बांबूच्या कामट्यांचे. बोरगावजवळची बाभळीची झाडं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावरच्या गठाणी खऱ्या कापसाच्या, बोटाच्या पेराएवढ्या. मोटारगाडीच्या जुन्या बॅटरीवर सगळं चालायचं. वहिनी धामणगावच्या, बोलायला मोकळ्या. मला चहा देताना म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या उस्तादले सांगा, घरात एक तरी छत्री ठेवा म्हना. माह्या माहेरची छत्री माना स्टेशनात गेली."

खरी मौज म्हणजे लाइन सगळी आमची, वाफेची, आणि तिच्यावर इंजिन मात्र डिझेलचं. तेव्हा आमच्या भागात डिझेलची नुसती बोलणी चालली होती. दुसऱ्या विभागात ती आली होती, उस्तादांनी एक कुठेतरी डोळे भरून पाहिलं होतं आणि तेव्हापासून त्यांना ध्यास लागला होता. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी ते लांबोडकं धूड बनवलं. रंग दिला तेव्हा मी म्हणालो, झकास. तर हे त्यावर दिव्याची काजळी चोळायला बसले. चाकांपाशी तेलाचे ओघळ, छपरावर धुराचा डाग, पायरीवर बुटांनी घासलेला रंग. "नव्या नवरीवानी नोको," म्हणाले, "दहा वर्सं नांदली असं दिसाले पायजे." काम संपल्यावर ते इंजिन खरंच शेडमध्ये जन्म काढल्यासारखं दिसू लागलं.

गाडी चालवतानाही शिस्त खऱ्या लाइनची. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे बडनेऱ्याला बसायचं. त्यांनी अकोल्याहून लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, मागायची, मी द्यायची, मगच बटण दाबायचं. एकदा मी चहा पिता पिता लाइन क्लिअर द्यायला विसरलो, तर पाऊण तास त्यांनी गाडी हलवली नाही आणि माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. शेवटी वहिनींनी आतून ओरडून लाइन क्लिअर दिली. "तुह्या वहिनीले समजते," ते म्हणाले, "शब्द भेटल्याबिगर गाडी सोडता येत नाई."

हे वाक्य त्यांनी म्हटलं तेव्हा मी मान डोलावली होती. आज आठवलं की कपाळाची शीर उडते.

इंजिन झालं, पण उस्तादांचं समाधान होईना. कुठूनतरी त्यांनी डिझेल चालवण्याचं जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळवलं. ते स्वतः चौथी पास. पुस्तक माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "वाचून सांग गा. इंजिनात खोट नाई राह्यली पायजे." मग दीड-दोन वर्षं, ड्यूटी नसेल त्या संध्याकाळी, मी ते पुस्तक वाचून त्यांना सोप्या बोलीत सांगत गेलो. पुस्तकातला पाइप न् पाइप त्यांनी तारेचा केला. इंजिनाच्या अंगाला दारांची लांब रांग असते. ती सगळी दारं उघडली पाहिजेत, हा हट्ट. मी म्हणालो, "उस्ताद, आत कोण बघणार आहे?" म्हणाले, "मी पाहीन." दाराआड टाचणीच्या दांड्या, काडीपेटीच्या काड्यांचे दट्टे. एकेका दांडीवर बोट ठेवून ते विचारत, "हे कायच्यासाठी? हे कुठून येते? अन् हे बंद पडलं तं?"

बंद पडलं तर! टाचणी कधी बंद पडते का? पण मला शंका आली नाही. मी कौतुकानं पानं उलटून उत्तर शोधायचो. एवढा शिकलेला मी, आणि माझ्या नाकाखाली काय चाललंय ते मला दिसू नये!

बाहेर शेडमध्ये मात्र उस्ताद डिझेलचं नाव काढू देत नव्हते. डिझेल आलं की कोळसा गेला, कोळसा गेला की फायरमन गेला, ही भीती आम्हा सगळ्यांच्या पोटात होती. ट्रेनिंगसाठी नावं मागवली गेली त्याच सुमाराला दसरा आला. दसऱ्याला शेडमध्ये इंजिनांची पूजा व्हायची. झेंडूच्या माळा, नारळ, चिमणीला हळदीकुंकू. त्या दिवशी उस्तादांनी आमच्या इंजिनाच्या रेग्युलेटरवर, म्हणजे वाफ सोडायच्या दांड्यावर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "इनं आपल्याले भाकर देल्ली. हिले सोडून डिझेलले नाव देनार नाई. आपन कोनीच नाव देल्लं नाई तं सायेब डिझेल चालोते कोनाच्या भरोशावर?" एकामागून एक सगळ्यांनी दांड्यावर हात ठेवला. शेवटी मी ठेवला. आपट्याची पानं वाटली गेली आणि आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. वाफेवाल्यांवाचून डिझेल अडेल असं आम्हाला खरोखर वाटत होतं. इतके भोळे आम्हीच असू शकतो.

आठ दिवसांनी साहेबांनी मला बोलावलं. "तू मॅट्रिक आहेस. नाव दे, तुझं भलं होईल. ड्रायव्हरला नाही, पण फायरमनला वयाची अट आहे; पुढे ती आड येईल." मी नाही म्हणालो. बाहेर आलो तो छाती फुगवून, आणि तडक जठारपेठ गाठली. उस्ताद इंजिनाच्या पायरीला काजळी लावत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "शाब्बास," आणि वहिनींना चहात दूध जास्त घालायला सांगितलं. तो चहा मी मोठ्या चवीनं प्यालो.

शेडच्या फळ्यावर इंग्रजी नोटीस लागली की ती मी मोठ्यानं वाचायची, हा रिवाज. ट्रेनिंगला निवडलेल्यांची यादी लागली तेव्हाही पंधरा-वीस जण भोवती जमले. "वाच, मॅट्रिक, कोन कोन गद्दार निंगाले पाहू." मी इतर शेडमधली नावं वाचली, लोक शिव्या देत हसत होते. मग आमच्या शेडचं एकच नाव आलं. ते मी वाचलं. कोणाला ऐकू आलं नसावं म्हणून एकानं पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं. ते उस्तादांचं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच काहीतरी चुकीचं वाचत होतो. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते स्टुलावर बसले होते. टोपी खुंटीला होती.

"काहून केलं, उस्ताद?" मी विचारलं. एरवी घरी, शेडमध्ये मी पुस्तकी मराठी बोलायचो. त्या दिवशी तोंडातून बोलीच आली.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तू अंग्रेजी वाचे, मी इंजिन वाचो. तुले कोनं म्हटलं होतं की समजून घेऊ नोको?"

"मले समजलं होतं. मी तुमच्या शब्दावर नाव देल्लं नाई."

"म्हनूनच तं," ते म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला. "तू नाव देल्लं असतं, तं तुले पाहून सगळ्यायनं देल्लं असतं. मंग माह्यासारख्या चौथी पासले कोन इच्यारते, मॅट्रिक? कोनीच नसन तवाच माहा नंबर लागे."

म्हणजे दसऱ्याचा तो हात, ती शपथ, सगळं आम्हाला बाजूला ठेवण्यासाठी होतं. आणि ज्या परीक्षेपासून मला लांब ठेवलं तिची तयारी माझ्याकडूनच करून घेतली होती. त्यांनी ओट्याकडे हात केला. "हे सारं घेऊन जाय. तुहाच जीव हाय त्याच्यात." मी म्हणालो, "जळो तुमचं," आणि निघालो. दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना आधीपासून ठाऊक होतं. तेही लागलं.

दोन वर्षांनी शपथ मोडून सगळ्यांनीच नावं दिली. तोवर माझं वय अटीच्या पलीकडे गेलं होतं. मी फावडंच मारत राहिलो. उस्तादांचं डिझेल आमच्या गाडीला बाजूला टाकून पुढे जायचं. ते खिडकीतून हात दाखवायचे, मी भट्टीत डोकं घालायचो.

एका उन्हाळी दुपारी माना स्टेशनवर आमची मालगाडी बाजूच्या लाइनवर उभी होती. मेन लाइनवर उस्तादांची गाडी येऊन थांबली ती पुन्हा हलेना. मशीन बंद पडलं होतं आणि काही केल्या सुरू होत नव्हतं. स्टेशनमास्तर येरझारा घालत होते. अर्ध्या तासानं उस्ताद स्वतः खडीतून चालत आमच्या इंजिनापाशी आले. केस पिकले होते, सदरा घामानं चिकटला होता. वर बघून म्हणाले, "मॅट्रिक, जरा ये बरं."

नाही म्हणायचं होतं. पण मागे दोन गाड्या अडकल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मला ते इंजिन आतून पाहायचं होतं. मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा डिझेलवर चढलो आणि मला काहीच नवीन वाटलं नाही. मशीन जास्त वेगानं फिरलं की आपोआप बंद होतं, मग एक दांडी हातानं परत जागेवर बसवावी लागते, हे मला पानासकट आठवत होतं. दारांच्या रांगेत मी बरोबर दार उघडलं. दांडी पडलेली होती. ती उचलून बसवली आणि म्हणालो, "आता बटण दाबा." मशीन धडधडत सुरू झालं.

त्यांचा असिस्टंट, नवा कोवळा माणूस, डोळे विस्फारून माझ्या कोळशानं माखलेल्या हातांकडे बघत होता. "तुम्हाला कसं काय येतं?" त्यानं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत उस्तादांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "माह्या हाताखालचा फायरमन हाय," ते अभिमानानं म्हणाले. "मीच शिकोलं याले."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा त्यावर पुरता विश्वास बसला होता. मी खाली उतरलो आणि माझ्या इंजिनावर चढलो. थोड्या वेळानं त्यांची गाडी निघून गेली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पाठीवर पडलेला तो हात मला बरा वाटला होता. राग अजून गेला नाही तो बरं वाटल्याचाच.