स्टुलावरच्या बाई

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, कुरुंद्यात कासाबाईच्या पत्र्यावर दगड पडले. कासाबाई मासे विकते. घरात ती आणि तिची लहानगी नात होती. नातीच्या अंगात जन्मापासून एक गुणसूत्र जास्तीचं आहे. हे आधी सांगतो, कारण आमच्या बाईंची गोष्ट या दगडांशिवाय सांगता येत नाही.

बाई आम्हाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या, तासिका तत्त्वावर. पदर खोचून स्टुलावर चढायच्या आणि माशाच्या पेशींचा थेंब वरून खालच्या काचेवर सोडायच्या. "उंचावरून पडल्याबिगर पेशी उघडत न्हाई," म्हणायच्या. "तुमीबी पडून बघा, डोकं उघडंल."

एकदा धरणातल्या शिंगट्याच्या पेशीत एक चिमुकलं गुणसूत्र जास्तीचं दिसलं. बाई हरखल्या. "या माशात एक जास्तीचं आहे. पाहुणा समजा. माशाला काही तकलीफ न्हाई." वर्गातल्या एकानं फोनवर फक्त पहिलं वाक्य टिपलं. मग गावोगाव मेसेज फिरला: धरणाचे मासे खाऊ नका, लेकरं अशी होतात. खाली कासाबाईच्या नातीचा फोटो.

बाई मला घेऊन थेट बाजारात गेल्या. कासाबाईच्या टोपलीतून सगळ्यांदेखत शिंगटे घेतले. "बोकड खाऊन कुणाला शिंगं फुटली का? मग मासा खाऊन लेकराला गुणसूत्र कसं येईल?"

"मॅडम, जास्तीचं आहे हे तुमीच सांगितलं ना," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

परतताना बाईंनी दोनदा मागं वळून पाहिलं. "हसून राहिलेत, पण पांगून न्हाई राहिले," त्या हळूच म्हणाल्या. दगड पडले ते त्याच संध्याकाळी.

कॉलेजनं बाईंकडून लिहून मागितलं, माशात असं काही सापडलंच नाही. बाईंनी दिलं नाही. "सापडलं ते सापडलं. जास्तीचं म्हणजे वाईट, हे मी कबूल केलं तर त्या पोरीनं जायचं कुठं?" त्यांच्या तासिका बंद झाल्या. एसटीत चढताना मला म्हणाल्या, "मला सोडायला आलास, बराबर. पण तिकडं कासाबाईच्या ओट्यावर कोण बसलंय?"

तेव्हापासून जमेल तेव्हा मी बसतो. भीती मलाही वाटते. दाराला दिवसाही आतून कडी असते. मोटारसायकल थांबली की पोरगी बाजेखाली शिरते आणि आवाज गेला तरी बाहेर येत नाही. या आठवड्यात तोच मेसेज पुन्हा फिरून राहिला आहे.

तो तुमच्या फोनातही असेल. पुसा. ज्यानं पाठवला त्याला आत्ता फोन लावा आणि खोटं आहे म्हणून सांगा. आणि बाजाराच्या दिवशी कासाबाईच्या टोपलीपुढे येऊन उभे राहा, सगळ्यांना दिसेल असे.