पडलेल्या पोरीवर पडायचं नाय

बेसावध माणसांची राखण करायला देवाने या पृथ्वीवर एकच माणूस नेमला आहे, आणि तो नेमका आमच्या नणंदेचा नवरा निघाला, याला मी काय करू? इतर बायकांच्या नणंदांचे नवरे पत्ते खेळतात, नाहीतर जमिनीवरून भांडतात. आमचे भावोजी शिट्टी वाजवतात. शहापूरकडच्या एका शाळेत ते पस्तीस वर्षं खेळाचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर शाळेने शाल दिली, नारळ दिला. शिट्टी मात्र त्यांनी परत केलीच नाही. ती अजून गळ्यात असते, आणि शहापूर-मुरबाड या दोन तालुक्यांत मुलामुलींची कबड्डी जिथे म्हणून होते तिथे भावोजी पंच म्हणून उभे असतात.

त्यांचा सगळा धर्म एका वाक्यात मावतो: ज्याचं लक्ष नाय, त्याला धक्का नाय. वाक्य ऐकायला बरं वाटतं. त्याच्यासोबत संसार करून बघा म्हणजे कळेल. माझी नणंद सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली पण या घरात एक भांडण रंगलं म्हणून नाही. भांडायच्या आधी हे विचारतात, "तयार हायस का गो? हातातला तवा खाली ठेव." तवा खाली ठेवेपर्यंत कुणाचा राग टिकतो? शिडीवर चढलेल्या माणसाला ते हाक मारत नाहीत. मासे खाणाऱ्याला प्रश्न विचारत नाहीत. सुईत दोरा ओवणाऱ्या बाईच्या शेजारी उभे राहून दोरा आत जाईपर्यंत खोकला दाबून धरतात. एकदा या नादात त्यांचेच डोळे पांढरे व्हायला आले होते. मुरबाडच्या स्टँडवर कल्याणच्या जीपवाल्यांची पोरं गिऱ्हाइकाची पिशवी ओढून त्याला जीपमध्ये कोंबतात ना, तिथे एकदा यांनी शिट्टी मारली आणि एका पोराला सांगितलं, "त्या मावशीची पाठ होती तुझ्याकडं. समोर ये, विचार, मग ओढ." त्या पोराने खरंच समोर येऊन विचारलं. मावशी म्हणाल्या, "मला जायचंच नाय रे कल्याणला, मी भाजी घ्यायला आलेय."

माझ्या थोरल्याच्या हळदीला तर यांनी कळसच केला. नवरदेवाचे डोळे हळदीने बंद, हात चिकट, आणि चौघे मित्र त्याला उचलून पिंपात बुडवायला निघाले. शिट्टी! बँडवाल्यांना वाटलं कुणी मोठा साहेब आला, त्यांनी वाजवणं थांबवलं. "त्याला दिसत नाय," भावोजी म्हणाले, "आधी तोंड धुवू द्या, मग बुडवा." मुलाने तोंड धुतलं आणि तो जो पळाला तो थेट मांडवात सापडला.

आणि वाईट बातमी द्यायची त्यांची रीत! एकदा शहापूरहून दोन बस बदलून भर दुपारी दारात उभे. म्हणाले, "वहिनी, जेवलात का? बसा. असं नाय, भिंतीला टेकून बसा." मी टेकले. "पाणी प्या." प्यायले. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात माहेर आणि सासर दोन्ही संपवून टाकलं होतं. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, "तुमच्या नणंदेनं पाठवलेली लोणच्याची बरणी बसमध्ये फुटली."

आता आमची पहिली भेट सांगते, म्हणजे मी कसली होते तेही कळेल. लग्नाआधी मी कबड्डी खेळायची. परकर खोचून, दोन वेण्या वर बांधून. स्वतःला वाघीण समजायची. आज आठवलं की वाटतं, वाघीण कसली, मोकाट सुटलेली रेडी होते. पळता येत नव्हतं, दम टिकत नव्हता, डाव कळत नव्हता; एकच विद्या येत होती, कुणी पडली की तिच्यावर जाऊन बसायचं. वैशाखरे गावच्या एका पोरीच्या पाठीवर मी एकदा अशी बसले, जशी काय तिकीट काढून जागा धरलीय. नवीन लागलेला एक काडीसारखा मास्तर पंच होता. त्याने शिट्टी फुंकून मला मैदानाबाहेर काढलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "मास्तर, डोळे कल्याणला ठेवून आलात काय?" लोक हसले. मला वाटलं, जिंकलो आपण.

पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी नणंदेचं. नवरा मुलगा पाटावर बसला, मी वहिनी म्हणून पायांवर पाणी घालायला वाकले, वर बघते तर काडीसारखा मास्तर. त्याने मुंडावळ्या बाजूला केल्या आणि हळूच म्हणाला, "आणलेत हो डोळे परत." त्या दिवसापासून घरात मी एकटीच त्यांच्याशी वाद घालते. बाकीचे जावई म्हणून मान देतात.

मैदानावरचे भावोजी म्हणजे आणखी वेगळं प्रकरण. सामन्याच्या आधी ते प्रत्येक पोरीची नखं बघतात. शिट्टीच्या दोरीलाच नेलकटर बांधलेला आहे. केसांतल्या पिना, कानातले डूल, हातातली कडी, सगळं एका टोपलीत. मग स्वतः मैदानात जाऊन चारी कोपऱ्यांत पडून बघतात. खरंच पडतात, पांढऱ्या कपड्यांनिशी, कुशीवर, पाठीवर. खडा टोचला की उठून तो खिशात टाकतात, माती भुसभुशीत करायला लावतात, आणि पुन्हा पडतात. बाहेरगावचे संघ पहिल्यांदा आले की घाबरतात; त्यांना वाटतं पंचाला चक्कर आली.

गेल्या वर्षी मुरबाडला कॉलेजच्या मुलींच्या कबड्डीची बैठक झाली, तेव्हा भावोजींनी वहीत लिहून आणलेला नियम वाचला. चढाईला आलेली मुलगी पकडली गेली, तोंडावर पडली, आणि स्वतःला सावरायला तिचे दोन्ही हात मोकळे राहिले नाहीत, की पंच शिट्टी देईल. चढाई तिथेच संपली. त्यानंतर तिच्यावर कुणी उडी घेतली तर उडी घेणारी त्या सामन्यातून बाहेर आणि पुढच्याही सामन्यातून बाहेर. मी नात खेळते म्हणून मागच्या खुर्चीवर बसले होते. मला कुणी विचारलं नव्हतं, तरी मी उठले. "भावोजी, पडलेली पोर सरपटत मधली रेषा गाठते तेव्हाच तर गुण मिळतो. तुमी आधीच शिट्टी मारलीत तर तिचा गुण गेला. ही कबड्डी हाय की बालवाडी?"

सगळे हसले. भावोजींनी चष्मा पुसला. "वहिनी, तुमचं बरोबर हाय," म्हणाले, "लिवून घेतो." आणि त्यांनी खरंच ते वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, आणि नियम होता तसाच ठेवला. असं ते नेहमी करतात. माझ्या हरकतींनी त्यांच्या दोन वह्या भरल्या आहेत.

ढालीसाठीचा अंतिम सामना आमच्या सायलीच्या कॉलेजचा. सायली माझी नात, धाकट्याची मुलगी. चढाईला हिच्यासारखी पोर तालुक्यात नाही, हे मी आजी म्हणून सांगत नाही, सगळे सांगतात. भावोजी म्हणाले, "नात खेळतेय, मी पंच राहणार नाय." तर समोरच्या संघाचे मास्तरच हात जोडून म्हणाले, "तुमीच ऱ्हावा. तुमी नातीला काय, सासूलाबी सोडणार नाय." त्यामुळे राहिले.

शेवटची चढाई उरली तेव्हा गुण बरोबरीत. सायली गेली. एकीला शिवली, वळली, आणि रेषेपासून दोन हातांवर तिचा घोटा एकीने धरला. सायली तोंडावर आपटली. एक हात अंगाखाली अडकला, दुसरा पुढे. तो हात मधल्या रेषेकडे सरकत होता. वीत. अर्धी वीत. मी खुर्चीवर उभी होते; सत्तरीच्या बाईने प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहू नये, पण मी होते. तेवढ्यात समोरच्या दोघी धावत आल्या तिच्यावर झेप घ्यायला, आणि शिट्टी वाजली.

एक जागच्या जागी थांबली. दुसरीचे पाय सुटले होते जमिनीवरून. तिने हवेतच अंग वळवलं आणि ती धप्पकन बाजूला पडली. भावोजींनी हात वर केला: सायली पकडली गेली. आम्ही हरलो.

मी चपला तिथेच टाकून मैदानात घुसले. "पोचत होता तिचा हात! पोचत होता! सगळ्या गावाला दिसला, तुमालाच नाय दिसला?" आणखीही काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. भावोजी माझ्याकडे बघतच नव्हते. ते सायलीकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं.

सायली उठत नव्हती.

तोंड मातीत, अंग पसरलेलं.   मी खाली बसले आणि म्हणाले, "उठ गो बाय माझी. उठ. मरू दे ती ढाल." भावोजी गुडघ्यांवर आले. "हलू नको," तिला म्हणाले, "बोटं हालव नुसती." तिने बोटं हलवली. आधी हातांची, मग पायांची. मग मातीतून आवाज आला, "आजी, वेणी."

"काय?"

"वेणी अडकलेय माझी. उठता येत नाय."

बाजूला पडलेली ती पोर अजून तशीच होती, घाबरून थिजलेली, आणि तिचा गुडघा सायलीच्या वेणीवर होता. तिला उठवलं. गुडघ्याखाली मातीत वाटीएवढा खड्डा पडला होता, आणि वेणी त्यात रुतून बसली होती. खड्डा आणि सायलीची मान यांच्यात चार बोटांचं अंतर. मी माझ्याच हाताने मोजलं. ती दुसरी पोर हमसून रडायला लागली, तेव्हा सायलीच तिची समजूत घालत बसली.

खोटं कशाला बोलू? सुटकेचा निःश्वास टाकला, देवाला हात जोडले, आणि पाचव्या मिनिटाला मला पुन्हा राग आला. घरी येताना जीपमध्ये, दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीवर, जो भेटेल त्याला मी सांगत सुटले की पंचाने घाई केली, आमचाच जावई आमचा घात करून गेला. कुणीतरी मोबाईलवर सामना टिपला होता. तो हळू करून बघितला तर सायलीचा हात स्पष्ट दिसत होता. आणखी एक क्षण, आणि रेषा. सायली ते रोज बघायची. भावोजींचा फोन आला की उचलायची नाही.

पुढच्या रविवारी ते जेवायला आले. सोबत नणंद होती. सायलीने भाकरी वाढली, पण बोलली नाही. त्यांचं जेवण होईपर्यंत मोबाईल हातात घेऊन बसून राहिली. त्यांना जेवताना काही विचारलेलं चालत नाही हे आमच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. त्यांनी हात धुतले तशी ती समोर जाऊन बसली.

"आजोबा, हे बघा. माझा हात पोचत होता."

त्यांनी मोबाईल घेतला नाही. "पोचत होता गो," म्हणाले. "मला तवाच दिसला."

सायलीला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. मी वाद घालायला पदर खोचून तयार बसले होते. आठवडाभर मी गावाला सांगत होते की त्यांना दिसलं नाही.

"दिसला, तर मग शिट्टी का वाजवलीत?"

"तुझी मानपण दिसत होती," भावोजी म्हणाले. "दोन्ही एकदमच दिसलं. मला एकच वाजवता येते."

 सायलीने मोबाईल उलटा करून ठेवला आणि आत जाऊन त्यांच्यासाठी चहा टाकला. साखर दोनदा पडली त्यात, पण ते गप्प प्यायले.

गिरणीवर अजून कुणी ना कुणी विचारतं, "काय गो आजी, नातीची ढाल गेली म्हणे?" मी म्हणते, "गेली. एका गुणाने हरलो." असं सांगताना मला हसू येतं, आवरत नाही. लोकांना वाटतं म्हातारीचं डोकं फिरलं. तेवढ्यात सायली सायकलवरून कॉलेजला जाताना समोरून दिसते, मान वळवून मला हात करते, आणि मी पीठ घ्यायचं विसरून तिच्याकडे बघत राहते.